पाच वर्षांची हवा

६ मे, सिरोंचा

पोचले एकदाची. राजुरा ते आलापल्ली आणि तिथून इथवर, बसनं हाडं पार खिळखिळी केली. पण आल्याआल्या जे पाहिलं त्यानं सगळा शीण गेला. कामाच्या खोलीत एसी आहे! बाहेर शेहेचाळीस डिग्री आणि आत स्वेटर घालावा असा गारवा. मशीनला गरमी चालत नाही म्हणून आहे तो, माझ्यासाठी नाही. पण एसीला थोडंच कळतं कोण मशीन आणि कोण मंजुषा.

केंद्र म्हणजे गावाबाहेर, नदीच्या अंगाला, तीन खोल्यांची बैठी इमारत. पुढे व्हरांडा, फाटकाशी मोहाचं झाड. एक खोली मला राहायला, एक सामानाची, एक मशीनची. स्वयंपाकाला मनकर्णाबाई आहेत. पन्नाशीच्या असतील. निम्मं तेलुगू बोलतात, निम्मं आपलं, आणि दोन्हीत मला रागावतात. पहिल्याच घासाला विचारलं, इतकी सुकलेली काऊन वो, नवरा जेवू घालत नाई का? सांगितलं की नवरा नाही. खाणीत काम करायचा धनराज, त्याला जाऊन दीड वर्ष झालं, डेंगूनं गेला. त्यांनी न विचारता आणखी भात वाढला.

दिवूला मायजवळ राजुऱ्याला ठेवून आले. बस सुटली तेव्हा माझी पोट्टी त्या गुलाबी, पीं-पीं वाजणाऱ्या चपला घालून स्टँडवर मागे धावत होती. एकोणतीस तारखेला पाच वर्षांची होईल, तरी तसल्याच चपला लागतात बाईसाहेबांना. वाढदिवसाला आजी तुला माझ्याकडे घेऊन येईल असं कबूल केलं, तेव्हा कुठे रडणं थांबलं. आणि माझं बसमध्ये सुरू झालं.

लिहिताना शाळेतली मराठी येते आणि भडकले की राजुऱ्याची. असू दे. ही वही वाचणार कोण, मीच.

१० मे

आज पहिला फुगा सोडला. काम समजावून लिहिते, म्हणजे दिवूला सांगायची तयारी होईल. परवा फोनवर विचारत होती, आई, तू तिथी फुगे विकते का?

तर दिवूबाई, फुग्याच्या खाली असतो एक डबा. डब्यात बारीक स्टीलच्या नळीचं भलंमोठं वेटोळं. नळीचं एक तोंड बंद, एक उघडं. वर वर जाताना हवा विरळ होते, म्हणून नळीतली हवा निघून जाते. खूप उंचावर, विमानंसुद्धा जात नाहीत तिथं, फुगा फुटतो. डबा छत्रीनं खाली येतो आणि येतायेता नळी थराथरानं भरते. सगळ्यात वरची हवा सगळ्यात आत, खालची तोंडाशी. जमिनीला टेकला की तोंड आपोआप बंद.

मग ती नळी मशीनला जोडायची. मशीन त्या हवेतला एक वायू मोजते, सल्फर हेक्साफ्लोराइड. विजेच्या मोठाल्या स्विचांमधून तो थोडाथोडा गळतो, सहजी नष्ट होत नाही, आणि जमिनीवर दरवर्षी जरासा वाढतो. कोणत्या वर्षी किती होता ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून वरच्या हवेत तो किती सापडला यावरून ती हवा जमीन सोडून किती वर्षं झाली ते कळतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचावी तसं. आजची सगळ्यात वरची हवा निघाली पाच वर्षांची. ती जमिनीवरून गेली तेव्हा दिवू माझ्या पोटात होती. हे तिला सांगितलं तर किती हसेल.

डबा झिंगूनं आणला. तो जवळच्या जंगलगावचा, पडलेला फुगा शोधणं त्याचंच काम. तेंदूपत्ता तोडायचे दिवस सोडून जावं लागलं म्हणून कुरकुरत होता. डबा आत न आणता त्यानं मोहाच्या फांदीला टांगला. त्याच्या घरी म्हणे रानातून आणलेलं काहीही आधी बाहेर टांगतात, वारं लागू देतात, मग घरात. मी म्हटलं, झिंगूभाऊ, यातलं वारं निघून गेलं तर माझी नोकरीही त्याच्याबरोबर जाईल. तो हसत म्हणाला, तुमचं तं सारं उलटंच हाय मॅडम.

१४ मे

डोस्कं फिरलं आज. मोजून झालेली हवा मशीनच्या मागच्या पातळ नळीनं खिडकीतून बाहेर सोडायची असते. तिथं एका कुंभारणीनं चिखलाचं घर केलंय. निळ्याकाळ्या रंगाची, बारीक कमरेची ती माशी. नळीचं तोंड तिनं लिंपून टाकलं. खरवडून काढलं, जेवून येते तर पुन्हा लिंपलेलं. पुन्हा काढलं, पुन्हा लिंपलं. बाप्पा, काय चिवट बाई आहे!

शेवटी नळीच आत ओढून घेतली. माझ्या आधी इथं धम्मदीप होता, आता नागपूरला बदलून गेलाय. त्यानं जाताना बजावलं होतं की ती नळी बाहेरच ठेव. का, असं विचारलं तर म्हणे सायबांचा नियम. बिनकारणाचा नियम मी आयुष्यात पाळलेला नाही. आणि ही हवा काही विषारी नव्हे. साधी हवा, तीही तांब्याभर.

नळी आत आली म्हणून खिडकी पूर्ण लावता आली. फटींना चिकटपट्टी, खाली ओलं पोतं. काय गार झाली खोली! माझी खाटही इथंच आणली. राहत्या खोलीतला कूलर नुसता वाफ मारतो. मनकर्णाबाईंना हे पसंत नाही, बंद खोलीत झोपू नये म्हणतात. त्यांना म्हटलं, तुम्हीही या. त्या आल्या नाहीत.

१७ मे

रोज काम सुरू करण्याआधी खोलीतली हवा मोजून पाहायची असते. ती आजचीच निघाली पाहिजे, म्हणजे मशीन बरोबर आहे. आज निघाली सव्वा वर्षाची.

हसले आधी. मग प्रमाणाच्या सिलिंडरनं, त्यात वायू किती ते आधीच ठरलेलं असतं, मशीन तपासलं. मशीन बरोबर. पुन्हा खोलीची हवा घेतली. सव्वा वर्ष. तांब्याभर हवेनं खोली कशी भरेल? दुधाच्या टाकीत लिंबाचा एक थेंब टाकला तर नासतं का दूध?

आता वाटतं, नासतं की.

दुसरी कटकट. मनकर्णाबाईंच्या मांजरीचं पिल्लू, गेल्या महिन्यातलं, गारव्याला म्हणून माझ्या पायांतून आत शिरलं. दार लावून खाली वाकून पाहते तर नाही. खाटेखाली नाही, मशीनमागे नाही. खिडकी बंद, दार बंद. गळ्यातला लाल दोरा आणि घुंगरू तेवढं फरशीवर. दोऱ्याची गाठ सुटलेली नाही. बाई सगळीकडे हाका मारत फिरल्या आणि मग माझ्याशी बोलल्याच नाहीत.

१९ मे, दुपार

काय छान झोप लागली. किती दिवसांनी अशी लागली असेल. धनराजला दोनदा फोन लावला, नंबर अस्तित्वात नाही म्हणते. खाणीत रेंज नसते हे ठाऊक आहे, तरी राग येतोच. रविवारी घरी आला की बघते त्याच्याकडे. दिवूला बालवाडीत घालायचं बोलणंही तसंच राहिलंय. त्याला काही सांगा, हो हो म्हणतो आणि विसरून जातो. असा माणूस मीच पसंत केला, आता कोणाला सांगू!

१९ मे, संध्याकाळ, व्हरांड्यात

वरचं मी लिहिलंय. अक्षर माझं आहे.

बाहेर आले, चार श्वास घेतले आणि धनराज पुन्हा मेला. तसाच, पहिल्यासारखाच. खांब धरून बसले होते. मनकर्णाबाईंनी पाणी पाजलं.

मी विसरले नव्हते. विसरणं वेगळं. तिथं तो गेलेलाच नव्हता.

मग एक वेडेपणा केला. प्लास्टिकच्या पिशवीत फुंकर भरली आणि मशीनला लावली. हा वायू अंगात मुरत नाही, आत जाईल तसाच बाहेर येतो. माझा श्वास दोन वर्षांचा निघाला. दोन वर्षांपूर्वी धनराज होता.

२१ मे

खरं लिहिते. आज मुद्दाम गेले आत. काम नव्हतं, फुगा नव्हता. दार लावलं, खाटेवर पडले आणि वाट पाहिली. हळूहळू छातीतला तो दगड विरघळला. तो फक्त कामावर गेला होता. संध्याकाळी येणार होता, डबा आपटणार होता, दिवूला खांद्यावर घेणार होता. मी गाणं म्हणत होते म्हणे, मनकर्णाबाईंनी बाहेरून ऐकलं.

मला ते फार आवडलं. लाज वाटते, पण आवडलं.

बाहेर आल्यावर खोकल्याची उबळ थांबेना. बाहेरची हवा घशाला लागते. शेणाचा, पाल्याचा, चुलीचा, माणसांचा वास, सगळं एकदम. धूर गिळल्यासारखं होतं. आत गेले की बरं वाटतं.

२३ मे

खोली साडेतीन वर्षांची. माझा श्वासही.

म्हणजे हे थांबत नाही, मागे मागेच चाललंय. आणि दिवू पाच वर्षांची होते आहे. एवढा साधा हिशेब मला इतक्या उशिरा कळला. आणखी दीड वर्ष मागे गेलं की त्या हवेत दिवू नाही.

नको मला धनराज. दिवू पाहिजे.

मशीन बंद केलं. चिकटपट्ट्या ओरबाडल्या, खिडकी सताड उघडली, नळी बाहेर फेकली. गरम वारा आत आला आणि मी खाली पडले. श्वासच घेता येईना. झिंगूभाऊ आणि मनकर्णाबाईंनी उचलून व्हरांड्यात नेलं तर ओठ काळेनिळे पडले. बाई ओरडत होत्या, अय्यो, पोरगी चालली, पोरगी चालली. मीच हातानं खुणा केल्या, आत न्या, खिडकी लावा. आत आणलं तेव्हा छाती भरली.

इतका वेळ खिडकी उघडी होती. मशीन पुन्हा लावून पाहिलं, तरी खोलीची हवा साडेतीन वर्षांचीच. वारा आत येतो आणि तसाच निघून जातो, ही हवा हलत नाही.

२४ मे

पिल्लाचं कळलं.

ते गेल्या महिन्यात जन्मलं होतं. ही हवा त्याच्या आधीची. ज्या हवेत ते अजून झालेलंच नाही, ती त्यानं छातीत घेतली. दोरा राहिला, घुंगरू राहिलं.

आणि एकोणतीसला माझी लेक इथं येणार आहे. देवा.

दारातून झिंगूभाऊला सांगितलं, खोलीतून दोन दिवस फोन लागत नाही, नदीच्या काठावर रेंज येते तिथं जा, मायला फोन कर. म्हणावं येऊ नको. दिवूला तर आणूच नको. तो म्हणाला, आत्ताच जातो.

२५ मे

केला त्यानं फोन, आणि मी आजारी आहे हेही सांगून बसला. माय म्हणाली म्हणे, पोरगी आजारी अन् मी येऊ नको? कोणत्या मायला जमते हे? दिवूला ठेवायला कोणी नाही, ठरल्याप्रमाणे एकोणतीसला तिला घेऊनच येते.

माझ्याच हातानं बोलावलं मी तिला. आजारपणाचं सांगू नको असं त्याला बजावलं असतं तर काही निमित्त करून थांबवता आलं असतं. मूर्ख, मूर्ख.

पुन्हा फोन लावायला पाठवलं. आता मायचाच फोन लागत नाही.

२६ मे

डॉक्टर येऊन गेले. दमा म्हणतात. नळकांड्यातला ऑक्सिजन तोंडाला लावून पाहिला, घशाखाली उतरला नाही. तोही आत्ताचाच. मोठी गाडी आणून अहेरीला नेऊ म्हणाले. रस्त्यातच मरेन.

मनकर्णाबाई दाराशी बसून असतात. त्यांना पिल्लाचं सांगितलं. एवढीशी शंका घेतली नाही त्यांनी. म्हणाल्या, मी उठत नाई इथून, तुझ्या लेकीले आत येऊ देनार नाई. म्हटलं, बाई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी दार उघडलं तरी ठेवू नका.

श्वास सव्वाचार.

२७ मे

चुलीतला कोळसा मागून घेतला. भिंतीवर लिहिलं, हाताएवढ्या अक्षरात — दिव्यानीला आत घेऊ नको. तुझी मुलगी आहे. नको घेऊ.

सकाळपासून तिचं नाव म्हणत बसले. दिवू, दिवू, दिवू. चेहरा आठवते. कपाळावरची खूण आठवते, पाळण्यातून पडली तेव्हाची. चालते कशी ते आठवेना. चालते का ती? अजून तर पाळण्यात —

नाही. स्टँडवर धावत होती. वहीत लिहिलंय. धावत होती.

२८ मे

पोटावर हात ठेवून बसली होती मी. सातवा महिना. धनराज म्हणते पोरगी पाहिजे.

पोट तर सपाट हाय. माझं लेकरू कुठी गेलं? ओरडली मी. दारातली बाई म्हणे, हाय वो, हाय तुही लेक, उद्या येते. उद्या कशी येईल? अजून दिवस भरले नाईत.

वही वाचली. सारं वाचलं. रडली. मग समजलं. आता समजून राह्यलं, आत्ता, एवढ्यापुरतं — माय, नको आणू तिले. कडी लावून घेते. कडी काढायची नाई मंजुषा. काई झालं तरी कडी

२९ मे, असं कोणी तरी आधीच लिहून ठेवलंय

गार आहे. छान वाटते. कोणाचं ऑफिस आहे हे? मुलाखत इथंच आहे का? कोणी सांगत नाही.

भिंतीवर कोळशानं खरडून ठेवलंय. दिव्यानीला आत घेऊ नको. कोण दिव्यानी, देव जाणे. आधी इथं कोणी येडी राहत असेल.

दाराच्या काचेतून दिसते, बाहेर एक बाई बसून आहे. मले पाहून रडते. मी हसली तर आणखीच रडते.

फाटकाशी ऑटो थांबली. बाई तिकडे धावली. ऑटोतून एक म्हातारी उतरून राह्यली, बाईनं तिचे दोन्ही हात धरले, काई तरी सांगते. म्हातारी मायसारखी दिसते. पण माय एवढी पिकलेली कुठी —

पीं पीं पीं. व्हरांड्यात.

लहानशी पोट्टी. एकटीच पळत आली. काचेला नाक लावून उभी आहे. आई, दार उघड म्हणते. कोणाले आई म्हणते बाप्पा! माझं तं अजून लग्नबी नाई. पुढच्या महिन्यात पाहुणे येणार आहेत पाहायले. खाणीत आहे म्हणे पोरगा.

केवढं ऊन आहे. लाल झाला पोरीचा चेहरा. कपाळावर कायची तरी खूण आहे, घाम साचला त्याच्यात. कोणाची का असेना, असं उन्हात उभं ठेवावं का लेकराले? मागून दोघी बाया ओरडत पळत येऊन राह्यल्या, काऊन एवढ्या ओरडतात.

कडी काढली. हात धरून आत घेतलं. गारवा जाईल म्हणून लगेच लावली.

केवढासा हात. किती घट्ट धरला तिनं

धरला होता कोणी

म्हातारी दार बडवते. पोरगी कुठी, पोरगी कुठी म्हणते. कोणती पोरगी वो बाई? इथी मी एकटीच आहे.

फरशीवर चपला हायेत. गुलाबी. लहानशा. कोणाच्या बरं ह्या, अजून गरम —